बुलेटच्या हेडात मोठे व्हॉल्व्ह की मूळ मापाचेच?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० चं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरलं की मिस्त्री हमखास विचारतो, "खोललंच आहे, तर व्हॉल्व्ह मोठे टाकू का?" व्हॉल्व्ह म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा. हो म्हणण्याआधी आपण गाडी कुठे आणि कशी चालवतो ते आठवा.

मूळ मापाची खरी ताकद म्हणजे हवेचा वेग. अडीच-तीन हजार आरपीएमला वाट अरुंद असली की पेट्रोल-हवेचं मिश्रण जोरात येतं, नीट घुसळलं जातं आणि पिस्टन वर निघाल्यावरही झोताच्या जोरावर सिलिंडरमध्ये शिरत राहतं. डबलसीट आंबा घाट चढताना गाडी तिसऱ्यात न गुदमरता ओढते, त्यात या वेगाचा मोठा वाटा असतो. इनटेक (मिश्रण आत सोडणारा व्हॉल्व्ह) मोठा केला की खालचा झोत मंदावतो. फायदा मिळतो वरच्या आरपीएमला, कारण तिथे सिलिंडर भरायला वेळच कमी असतो.

पण बुलेट तिथे फार जात नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. ५५०० आरपीएमला पिस्टन सरासरी सेकंदाला साडेसोळा मीटर पळतो. जुन्या क्रँककडून, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याकडून, याहून जास्त मागू नये. शिवाय कार्ब्युरेटर २४ मिमीचा. त्याच्याच गळ्यात हवा अडकत असेल, तर पुढे दार रुंद करून काय उपयोग?

हिशोबही पाहा. उदाहरणापुरतं, ३६ मिमीच्या जागी ४० मिमीचा व्हॉल्व्ह घेतला, तर तोंडाचं क्षेत्रफळ २३ टक्के वाढतं. पण कॅम (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) तोच, म्हणजे उचल तेवढीच. त्यामुळे कडेने हवा जायची फट फक्त ११ टक्के वाढते. वर जड व्हॉल्व्हला कडक स्प्रिंग लागते आणि त्याची कड सिलिंडरच्या भिंतीजवळ गेली की त्या बाजूची हवा अडते.

एक्झॉस्ट मोठा करण्याच्या भानगडीत तर पडूच नका. जळलेला वायू स्वतःच्या दाबाने बाहेर पडतो, इनटेकला मात्र फार तर बाहेरच्या हवेचा दाब मिळतो. म्हणून एक्झॉस्ट मुळातच लहान ठेवतात. तो वाढवला की इनटेकची जागा खातो. तापतोही तोच सगळ्यात जास्त, आणि मोठ्या तोंडाची उष्णता सीटपर्यंत (हेडमध्ये व्हॉल्व्ह टेकतो त्या कडीपर्यंत) पोचायला वाट लांब पडते.

मोठ्या वाटेचं चीज पाहायचं तर चाकणमध्ये बनलेली जुनी, ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक बघा: बोअर ८९, स्ट्रोक ६०, चार व्हॉल्व्ह, आणि ९००० च्या आसपास फिरणारं इंजिन. तिथे सगळंच त्यासाठी आखलेलं आहे. बुलेटला तसं करायचं तर कॅम, कार्ब्युरेटर, सायलेन्सर सगळंच बदलावं लागेल, आणि रेसिंग करणार असाल तर जरूर करा.

रोजच्या आणि घाटाच्या गाडीसाठी मी मूळ मापच ठेवेन आणि पैसे सीटवर घालवेन: नवीन गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि तीन कोनांत कापलेली सीट. काम झालं की हेड हातात घ्या, स्पार्क प्लग आणि दोन्ही स्प्रिंगा बसवलेल्या असू द्या, पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेत) थोडं पेट्रोल ओता आणि पाच मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली, तर पैसे द्यायच्या आधी पुन्हा घासून घ्या.