अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम: झोपेला पैकीच्या पैकी, थकव्याला शून्य

आधी निकाल सांगते. क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठी, म्हणजे विश्रांती घेऊनही न जाणाऱ्या दीर्घ थकव्याच्या आजारासाठी, डॉक्टरांनी मुळात डिप्रेशनची असलेली ही गोळी लिहून दिली असेल, तर झोप आणि अंगदुखीसाठी जरूर घ्या. ताकद परत येईल या आशेने घेणार असाल, तर हाती काही लागणार नाही.

मी नौपाड्यात राहते, नोकरी ऐरोलीला, अकाउंट्समध्ये. डेंग्यू झाला, ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, पण अंगातलं त्राण काही परत आलं नाही. केस विंचरताना हात भरून यायचे. रविवारी घर आवरलं की मंगळवारी अंथरुणातून उठवायचं नाही. रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस असा कोसळतो, हेच या आजाराचं मुख्य लक्षण आहे, असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. आमच्याकडे मात्र "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळालं.

पहिल्या डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनचं दुसरं औषध दिलं. थकवा तसूभर हलला नाही, उलट होती ती झोपही उडाली. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण १९९६ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या आजाराच्या रुग्णांवरची चाचणी छापून आली होती. रोज २० मिलिग्रॅम फ्लुओक्सेटिन घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे, दोघांत फरक पडला नव्हता. ज्यांना डिप्रेशनही होतं, त्यांनासुद्धा नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढायला लावला, काचबिंदू आहे का विचारलं, बीपी झोपवून आणि उभं करून दोनदा मोजलं. मग म्हणाले, "डिप्रेशनसाठी ही गोळी ७५ मिलिग्रॅम आणि त्याच्या पुढे लागते. तुम्हाला १० देतोय, ती झोपेसाठी आणि दुखण्यासाठी." इतकं नीट समजावून सांगणारं तोवर कोणी भेटलं नव्हतं.

केमिस्टने चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, पेशंट कोण?" ठाण्यात हे जास्तच बोचतं. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि "याला ठाण्याला न्यायला हवं" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं. घरी सासूबाईंनी स्ट्रिप उलटसुलट करून बघितली. "अगं, ही डोक्याची गोळी ना?" मी त्यांना सांगितलं, हीच गोळी मायग्रेनला देतात, मधुमेहात पाय जळजळतात त्यालाही देतात. त्या काही बोलल्या नाहीत. आपल्या बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात एक कप्पा रिकामा केला आणि माझी स्ट्रिप तिथे ठेवली. त्यानंतर रात्री आठ वाजले की "तुझी गोळी घेतलीस का?" हे त्याच विचारतात.

आठची वेळ महत्त्वाची आहे. सुरुवातीला मी झोपताना घ्यायची, तर सकाळी दहापर्यंत डोकं जड असायचं. डॉक्टरांनी वेळ मागे आणली आणि ते बरंच कमी झालं. पहाटे तीनला जाग येऊन छताकडे बघत पडणं थांबलं. मान आणि पिंढऱ्यांचं ठणकणं निम्म्यावर आलं. पण सकाळी तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळूला चिकटते, म्हणून उशाशी पाण्याचा तांब्या. बद्धकोष्ठावर इसबगोल. वजनही थोडं वाढलं. झटकन उठलं की गरगरतं. हा त्रास या आजारात मुळातच अनेकांना असतो, तो गोळीने वाढू शकतो, तेव्हा काठावर बसून मगच उठा.

खरा धोका वेगळाच आहे. झोप चांगली झाली की वाटतं, आता जमेल. ठाणे स्टेशनचे जिने चढून लोकल पकडावी, संध्याकाळी येताना भाजी घ्यावी, दोन कपडे धुवावेत. शरीराची मर्यादा मात्र तसूभर वाढलेली नसते, आणि दोन दिवसांनी आडवं व्हावं लागतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की हा आजार बरा करणारं औषध नाही. व्यायाम ठरवून वाढवत नेण्याचा जुना सल्लाही त्यांनी काढून टाकला. या रुग्णांना औषधं सोसत नाहीत असं होऊ शकतं, म्हणून कमी मात्रेपासून सुरू करा, असंही त्यात आहे. तेव्हा १० ला "एवढीशीच?" म्हणून स्वतःहून २५ वर जाऊ नका.

किंमत म्हणाल तर एक गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त. चिठ्ठी लागते. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि बंद करायची झाली तर एकदम नको, त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

मी गोळी चालू ठेवली आहे. नोकरीही टिकली, पण ती ऑफिसने निम्मे दिवस घरून काम करू दिलं म्हणून.