टोकियोच्या थंडीत एसी बरा की रॉकेलचा हीटर?

जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटाची गोष्ट वेगळी. तिथे धूर घराबाहेर सोडणारे हीटर सर्रास असतात आणि ते उत्तम चालतात. प्रश्न टोकियो, योकोहामा, चिबा भागातल्या भाड्याच्या घरांचा आहे. पातळ भिंती, एकेरी काचेच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि जानेवारीत पहाटे शून्याच्या आसपास पारा. आधी भाडेकरार बघा. बऱ्याच करारांत रॉकेलच्या हीटरला मनाईच असते.

ऊब रॉकेलचीच चांगली. फॅन हीटर लावला की थोड्याच वेळात पावलांना गरम हवा लागते. इथले एसी गरम हवाही देतात, पण ती छताशी जाऊन बसते. पाती पूर्ण खाली वळवावी लागतात आणि एक छोटा पंखा छताकडे तोंड करून लावावा लागतो. शिवाय बाहेर 5 अंशांच्या खाली दमट थंडी असली की बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो. तो वितळवायला एसी पाच-दहा मिनिटं गरम हवा देत नाही. हा बिघाड नव्हे, पण सकाळी उठल्या उठल्या जीव नकोसा होतो.

खर्चात म्हणावा तसा फरक नाही. 18 लिटरचा कॅन सध्या 2,000 येनांच्या पुढेमागे पडतो. लिटरमागे साधारण 10 युनिट उष्णता धरली, तर कॅनमागे 180. बरा एसी विजेच्या तिप्पट उष्णता आत आणतो, म्हणजे तेवढ्याला 60 युनिट वीज. 31 येन दराने 1,860 येन. एसी जुना असेल तर हा हिशोब उलटतो. 30 अँपिअरचं कनेक्शन असेल तर एसी, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावू नका, ब्रेकर पडतो.

माझ्या मते निर्णय करावा तो पाण्यावर. एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत राहतं. संध्याकाळभरात दोन लिटर सहज जळतात. ती वाफ गार काचेवर धरते, ओघळून चौकटीत साचते, पडद्याची खालची किनार भिजवते. भिंतीतल्या कपाटाच्या मागच्या बाजूला आणि फुतोनखाली (जमिनीवर अंथरायच्या गादीखाली) मात्र ती दिसतही नाही, आणि फेब्रुवारीत तिथे काळी बुरशी उगवते. काच रोज सकाळी पुसली तरी कपाटामागे हात पोचत नाही. घर सोडताना याचे पैसे भाडेकरूच्या माथी येऊ शकतात. पाणी न पुसता, मालकाला न कळवता बुरशी वाढू दिली तर दुरुस्ती भाडेकरूची, असं सरकारी मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तासाला एक-दोन मिनिटं खिडकी उघडायचीच असते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. कडाक्याच्या रात्री मात्र ते टाळायचा मोह होतो, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

एसीने उलट हवा कोरडी पडते. त्यावर उपाय सोपा: धुतलेले कपडे खोलीतच वाळत घाला.

लाकडी घर, समोरासमोर खिडक्या आणि करारात परवानगी असेल, तर रॉकेल अवश्य घ्या. फक्त मार्चअखेर कॅन संपवा. जुनं रॉकेल पुढच्या हिवाळ्यात वापरलं तर हीटर नीट पेटत नाही. उरलंच तर मोरीत ओतू नका, जिथून आणलं त्या पंपावर परत घेतात का ते विचारा. बाकीच्यांनी एसी 20 अंशांवर ठेवावा, जाळी दर पंधरवड्याला धुवावी आणि पायांसाठी एक कोतात्सु, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेलं बुटकं टेबल, घ्यावा.