ठरलेल्या किमतीचा विमा आणि माझी सिरीज टू-ए: चौदा महिन्यांनंतर

माझी गाडी १९६७ची लँड रोव्हर सिरीज टू-ए, कच्च्या वाटांवर चालणारी जुनी ब्रिटिश गाडी. पुढच्या-मागच्या चाकांत ८८ इंचांचं अंतर, २२८६ सीसीचं पेट्रोल इंजिन, हेडलाइट अजून पुढच्या जाळीच्या शेजारीच, मडगार्डवर गेलेले नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी तिचा साधा मोटार विमा थांबवून मी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ची, म्हणजे किंमत आधीच दोघांनी मिळून ठरवलेली पॉलिसी घेतली. एवढ्या काळात मूल्यांकन झालं, अपघात झाला, क्लेम मिळाला आणि रिन्यूअलही झालं. पॉलिसी हातात आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते.

आधीच्या पॉलिसीत किंमत कशी ठरते हे मी कित्येक वर्षं विचारलंच नव्हतं. गाडी जुनी म्हणून घसारा जास्त, घसारा जास्त म्हणून किंमत कमी, असा सरळ हिशेब. दर वर्षी आकडा थोडा खाली यायचा, हप्ताही कमी व्हायचा, आणि मला ते बरंच वाटायचं. त्या आकड्यात नवी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) चासी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा, आणि ती बसवायची मजुरीसुद्धा निघाली नसती. पण गाडी चोरीला गेली किंवा जळाली तरच या आकड्याचा प्रश्न येतो, अशी माझी समजूत होती.

ती समजूत ओळखीतल्या एका गाडीमुळे गेली. तीही सिरीजच. मागून धडक बसली, मागचा पॅनल चेपला, टेलगेट वाकलं, मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे चासीची आडवी पट्टी, बदलावा लागणार होता. बाकी चासी सरळ होती. दोन आठवड्यांचं काम. पण विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीशी ताडून बघते, आणि तो ठरावीक प्रमाणाच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरते. मुळात किंमतच इतकी कमी लावलेली की दोन आठवड्यांच्या कामानेही ती मर्यादा ओलांडली. हातात आलेल्या पैशांत तशी दुसरी गाडी मिळणं शक्य नव्हतं, आणि स्वतःचीच गाडी सॅल्व्हेज, म्हणजे मोडीतला माल, म्हणून परत विकत घ्यायची वेळ आली. कमी किंमत लावलेल्या गाडीला चोराची गरजच नसते, एका बऱ्यापैकी ठोकरीत ती कागदावर संपते. हप्ता वाचवण्याच्या नादात बहुतेकांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

प्रकार मुख्यतः तीन. ‘मार्केट व्हॅल्यू’मध्ये किंमत नुकसान झाल्यानंतर ठरते, म्हणजे वाद घालायची वेळ नेमकी आपण अडचणीत असताना येते. ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’मध्ये आकडा आधी ठरतो आणि टोटल लॉस झाला तर तोच मिळतो. या दोहोंच्या मधला ‘स्टेटेड व्हॅल्यू’ सगळ्यात फसवा. तिथे आपण सांगितलेला आकडा ही बऱ्याचदा फक्त वरची मर्यादा असते. बाजारभाव त्याहून कमी निघाला तर कंपनी कमी रक्कम देते. नावं सारखी वाटतात, म्हणून नावावर जाऊ नका, पैसे देण्याचं कलम काढून वाचा.

आता आकडा. माझ्या मनात आधी दोन आकडे होते आणि दोन्ही चुकीचे निघाले. पहिला, मी आजवर घातलेले पैसे. फाइलभर पावत्या होत्या. बेरीज केली आणि तीच किंमत असं धरून बसले. दुसरा, विक्रीच्या जाहिरातींतले भाव. पण जाहिरातीतला भाव ही विकणाऱ्याची इच्छा असते, सौदा कितीला तुटला ते तिथे दिसत नाही. लिलावाचे निकाल त्यापेक्षा भरवशाचे, फक्त हातोडा पडला तो आकडा आणि खरेदीदाराचं कमिशन धरून झालेला आकडा यांत फरक असतो, तो बघून घ्यावा लागतो. मला हवा होता तो आकडा वेगळाच होता: उद्या ही गाडी नाहीशी झाली तर याच मॉडेलची, याच अवस्थेतली दुसरी गाडी शोधून इथे आणून उभी करायला किती लागतील? हा प्रश्न पक्का झाल्यावर बाकी सगळं सोपं गेलं.

मूल्यांकन करायला आलेले गृहस्थ साडेतीन तास होते, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गाडीखाली. रंगाकडे त्यांनी शेवटी पाहिलं. सतरंजी अंथरून आडवे झाले आणि छोट्या हातोडीने चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेले. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी तो बद्द होतो. डाव्या आउटरिगरपाशी, म्हणजे चासीतून बाजूला निघालेल्या आधारापाशी, आवाज बदलला तेव्हा त्यांनी हातोडी खाली ठेवून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच ठोकून बघा.” मी ठोकलं. फरक मलाही कळला. या गाड्यांची चासी बंद पेटीसारखी असते, पाणी आत जाऊन बसतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरून काळा रंग चकचकीत दिसतो, आत चाळण झालेली असते.

मग खिशातून लोहचुंबक काढलं. बॉडीला ते चिकटणार नाही हे मला माहीत होतं. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली तेव्हापासून बाहेरचा पत्रा बर्माब्राइट या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पण बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत, लोखंडी असतं, आणि चुंबक तिथे फिरवायचं होतं. पाय ठेवायच्या खळग्यापाशी ते घट्ट चिकटलं, दाराच्या खांबाच्या तळाशी मात्र घसरलं. तिथे पूर्वी कोणीतरी पुट्टी भरून रंग मारला होता. दहा वर्षं मी त्या खांबाला हात लावून गाडीत चढते आहे. दाराच्या खालच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं तर पांढरी भुकटी आली. आतली चौकट लोखंडाची, वरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

नंतर नंबर. चासीच्या उजव्या पुढच्या टोकाला ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचला, मग प्लेटवरचा, मग इंजिनावरचा, आणि तिन्ही नोंदणीच्या कागदांशी जुळवले. माझं इंजिन मूळचंच आहे. गिअरबॉक्स मात्र सिरीज थ्रीचा, १९७१ नंतरच्या गाड्यांचा, ज्यात पुढच्या चारही गिअरना सिंक्रोमेश आहे, म्हणजे गिअर खडखड न करता सहज पडतो. चालवायला फार सुखाचा. माझ्या मते ती सुधारणा होती, अहवालात ते मूळपणापासूनचं अंतर म्हणून आलं. मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं, कारण तशी गाडी शोधणारा खरेदीदार हे विचारतोच. मूळ गिअरबॉक्स मी जपून ठेवला होता, त्याचा फोटो अहवालात जोडल्यावर बरंचसं भरून निघालं. काढलेले भाग टाकू नका, हे कळकळीने सांगते.

प्रत्येक गाडीची अशी एक नस असते. पहिल्या पिढीच्या फोर्ड ब्रॉन्कोचे, म्हणजे १९६६ ते १९७७च्या गाड्यांचे, मागचे मडगार्ड मोठे टायर बसावेत म्हणून पुष्कळांनी कापले. त्यामुळे न कापलेल्या गाडीला भाव जास्त. युद्धकाळातल्या जीपमध्ये फोर्डने बनवलेल्या गाडीच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ ठोकलेला असतो आणि पुढचा क्रॉसमेंबर विलीजच्या गाडीसारखा गोल नळीचा नसतो. दोन्हींचे भाग एकाच गाडीत मिसळलेले सापडतात. म्हणून मूल्यांकन करणाऱ्याला तुमच्या मॉडेलची ही नस माहीत आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारून घ्या. नुसत्या जुन्या सेडान पाहिलेला माणूस रंग आणि क्रोम बघून आकडा लावेल.

पावत्यांचंही तेव्हाच कळलं. पावत्या किंमत सिद्ध करत नाहीत, काम झाल्याचं सिद्ध करतात. इंजिन पुन्हा बांधताना काढलेले क्रँकशाफ्टचे फोटो एकूण खर्चाच्या बेरजेपेक्षा जास्त उपयोगी पडले. शेवटी आलेला आकडा माझ्या खर्चाच्या साधारण दोन तृतीयांश होता आणि जुन्या पॉलिसीतल्या किमतीच्या चौपटीहून जास्त. आउटरिगर आणि खांब दुरुस्त करून फोटो पाठवल्यावर थोडा वाढला.

पॉलिसीचा कागद पहिल्यांदा आला तेव्हा त्यात आमच्या आकड्याच्या आधी “जास्तीत जास्त” हे शब्द होते. एवढ्यानेच ठरलेली किंमत मर्यादा होऊन बसते. मी परत पाठवला. दुरुस्त होऊन आला तर गाडीचं वर्ष चुकलेलं, पुन्हा पाठवला. तीन आठवडे यात गेले. सॅल्व्हेजचंही त्याच वेळी लिहून घेतलं: टोटल लॉस झाल्यास गाडी ठेवून घ्यायचा पहिला हक्क माझा, आणि त्याबद्दल किती वजावट होईल तेही.

आठव्या महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर एक ट्रक मागे येऊन आदळला. डावं मडगार्ड आत गेलं, बंपर वाकला, विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढायच्या यंत्राचा, ड्रम फुटला. सर्व्हेअरने आधी मडगार्ड बदलायचं सुचवलं. पण ते मूळ मडगार्ड आहे हे अहवालात फोटोसह होतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं काम जाणणाऱ्याकडून ते ठोकून सरळ करायला मंजुरी मिळाली. नव्या पॅनलपेक्षा मजुरी जास्त लागली आणि ती पूर्ण मिळाली, घसारा कापला नाही. जुनी किंमत असती तर एवढ्याशा कामालाही गाडी त्या मर्यादेच्या जवळ गेली असती. विंचचे पैसे मिळाले नाहीत, कारण तो मी नंतर बसवला होता आणि पॉलिसीतल्या यादीत नव्हता. ती चूक माझीच.

त्रासही आहेत. वर्षाला किती चालवायची याची मर्यादा आहे. गाडी रात्री बंद जागेत ठेवावी लागते. रोजच्या वापराची दुसरी गाडी घरात असल्याचं दाखवावं लागतं. आणि ऑफ-रोड गाडीच्या मालकाने सगळ्यात आधी विचारावं ते रस्त्याबाहेर चालवण्याबद्दल. क्लासिक पॉलिसी प्रदर्शनं आणि सुट्टीच्या फेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. माझ्या पॉलिसीत वेळ लावून होणाऱ्या स्पर्धा पूर्णपणे वगळल्या आहेत, कच्च्या वाटा चालतात, नदीनाल्यातून जाताना इंजिनात पाणी शिरलं तर काही मिळत नाही. हे फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, म्हणून शेवटी लेखी मागितलं. पाण्याबद्दलचं उत्तर आवडलं नाही, पण आता पाण्यात उतरताना ते मला माहीत असतं. हप्ता आधीच्या जवळपास दीडपट झाला. किंमत चौपट झाल्यावर मला तो योग्य वाटतो.

रिन्यूअलला नवा अहवाल मागितला नाही. माझ्या कंपनीत तो तीन वर्षं चालतो. मी मात्र नवे फोटो पाठवले, विंचची पावती आणि सरळ केलेल्या मडगार्डचे आतले फोटो जोडले. एक प्रश्न अजून सुटलेला नाही. चासी आज ना उद्या बदलावी लागणार. गॅल्व्हनाइज्ड चासी घातली तर गाडी कितीतरी वर्षं टिकेल, पण १९६७ साली ठोकलेला नंबर जाईल, आणि किंमत त्याने वाढेल की घटेल हे खरेदीदारागणिक बदलतं. तूर्त मी जुनीच चासी तुकडा तुकडा जोडून ठेवते आहे, आणि प्रत्येक वेल्डिंगचा आधीचा-नंतरचा फोटो तारीख घालून फाइलला लावते आहे.