भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी: एका खोलीच्या भाडेकरूला कितपत आधार?

सेवा: महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाची भाडेकरार ई-नोंदणी
कुठे: कोल्हापूर महापालिका हद्द
गुण: पाचपैकी साडेतीन

ही सेवा बहुतेक जण फ्लॅटसाठी वापरतात आणि फ्लॅटवाल्यांचं तिच्याबद्दल बरंच चांगलं मत असतं. आम्ही मात्र ती वेगळ्या बाजूने तपासली आहे. शिवाजी पेठेतल्या वाड्यातली एक खोली, राजारामपुरीतली कॉट (सामायिक खोलीत भाड्याने मिळणारी झोपण्यापुरती जागा), शिरोलीच्या फौंड्रीत जाणाऱ्या कुटुंबाचं पत्र्याचं घर, अशा ठिकाणी ही सेवा चालते का? माणूस बेघर होतो तो बहुतेकदा इथूनच. मालक खोली सोडायला तोंडी सांगतो, सामान बाहेर येतं, अनामत अडकते आणि दुसऱ्या खोलीची अनामत भरायला हातात काही नसतं.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांच्या निवाऱ्याचा निकष ठरवला होता. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या 5,49,236 होती, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास जागा लागतात. निवारे हवेतच. पण तिथवर जायची वेळ येऊ न देणारं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नोंदवलेला भाडेकरार.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, स्टँपवर नोटरी पुरे’ असं सगळीकडे सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालक टाळाटाळ करत असेल तर हे शेवटचं वाक्य त्याला शांतपणे सांगावं. धाक घालण्यापेक्षा त्याने काम होतं.

कामाची पद्धत सोपी आहे. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्ष, भाडं, अनामत आणि मुदत भरायची. मसुदा तयार होतो, तो वाचायचा. शुल्क ऑनलाइन भरायचं. मग मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि आधारशी जुळणारे अंगठे घ्यायचे. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. त्रुटी निघाली तर परत येतो, नसेल तर नोंदवून सूची दोनसह (नोंदवलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा) उतरवून घेता येतो. यंत्र घेऊन घरी येणारे सेवा पुरवठादार आहेत, त्यांची फी वेगळी. लॉगिनचा क्रमांक आणि पासवर्ड मात्र एजंटाकडे राहू देऊ नये. नोंदवलेल्या दस्ताची पीडीएफ भाडेकरूच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये आली पाहिजे.

खर्चात आम्ही पूर्ण एक गुण कापला. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. भाडं 4,000, मुदत 11 महिने, अनामत 20,000 धरा. भाड्याचे 44,000 आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज सुमारे 1,833, मिळून 45,833. त्यावर शुल्क बसतं सुमारे 115 रुपये. पण महापालिका हद्दीत नोंदणी फी सरसकट 1,000 रुपये आहे, भाडं चार हजार असो की चाळीस हजार. ग्रामीण भागात ती 500. दस्त हाताळणीचे आणि एजंटाचे पैसे वेगळेच. महिना चार हजारांच्या खोलीसाठी कुणी एवढा खर्च करत नाही, आणि करार नोटरीवरच थांबतो. पाच हजारांखालच्या भाड्याला ही फी माफ करावी, असं आमचं ठाम मत आहे.

उरलेला अर्धा गुण अंगठ्याचा आणि मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा). मोल्डिंगचं, गवंडीकाम किंवा धुण्याभांड्याचं काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्या वाचत नाही. हात धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहावं. तरीही जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष नोंदणीचा मार्ग खुला असतो, फक्त एका दिवसाची मजुरी बुडते. पेठांमधल्या वाड्यांची अडचण याहून जुनी आहे. पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव, वारस सहा-सात, भाडं घेणारा एकच. अशा वेळी भाडेकरूने निदान एवढं करावं: भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्यावं आणि दर महिन्याची पावती घ्यावी. पत्ता भरताना सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड (ए, बी, सी, डी, ई) पत्रिकेवर आहे तसाच लिहावा. ‘अमक्या तालमीजवळ’ एवढ्यावर त्रुटी निघते.

मसुद्यात जादा अटी घालता येतात, ही या सेवेची मोठी जमेची बाजू. नोटिशीची मुदत दोन महिने मागावी. खोली सोडताना किल्ली परत दिली की त्याच दिवशी अनामत परत, असं स्पष्ट लिहावं. राहायला जाताना वीज मीटरचं रीडिंग नोंदवावं. 2021 च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. आपल्याकडे 1999 चा कायदा चालतो, त्यामुळे अनामतीचा आकडा घासाघीस करूनच ठरतो.

नोंदवलेल्या कराराचे इतर उपयोगही आहेत. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के प्रवेशात तो रहिवासाचा पुरावा म्हणून चालतो. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या घरांत पाणी शिरतं. नंतर पंचनाम्याच्या वेळी आपण तिथंच राहत होतो हे भाडेकरूला दाखवावं लागतं.

धोका एकच, पण मोठा. मुदत संपूनही राहिलात तर 1999 च्या कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाडं लागतं आणि जागा रिकामी करून घ्यायला मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तिथे समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही की लढायचा हक्क जातो. म्हणून मुदत संपायच्या दोन महिने आधी नव्या कराराची बोलणी सुरू करावीत. समन्स आलंच तर कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं किंवा 15100 वर फोन करावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग आणि पूरग्रस्त यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना समन्सचा लिफाफा, कराराची प्रत आणि भाड्याच्या पावत्या सोबत न्याव्यात, कारण समन्स कोणत्या तारखेला हाती पडलं त्यावरच ते 30 दिवस मोजले जातात.