व्हॉट्सॲप बिझनेस : पैठणीच्या जोडधंद्यापासून पूर्णवेळ व्यवसायापर्यंत

येवल्याची हातमागावरची पैठणी आणि तिच्या जोडीला सेमी पैठण्या विकण्याचा माझा व्यवसाय चार वर्षे नाशिकमधील खासगी कार्यालयातली नोकरी सांभाळून, म्हणजे संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी, चालत होता. गेल्या वर्षी नोकरी सोडून मी तो पूर्णवेळ केला. या सर्व काळात माझे दुकान म्हणजे घरातली एक खाट, खिडकीतला उजेड आणि फोनमधले व्हॉट्सॲप बिझनेस. 2018 पासून उपलब्ध असलेले, छोट्या व्यावसायिकांसाठीचे हे वेगळे ॲप मोफत आहे आणि मूळ वापरासाठी ते शिकावे लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहेच. प्रश्न एवढाच, की ज्याच्या जोरावर पगार सोडावा असे ते साधन आहे का.

नोकरी करणाऱ्या विक्रेत्यासाठी यातली सर्वांत उपयोगी सोय म्हणजे कॅटलॉग, म्हणजे गिऱ्हाइकाला ॲपमध्येच पाहता येणारी फोटो-किमतींची यादी. त्यात 500 पर्यंत वस्तू मावतात, त्यामुळे तेच फोटो प्रत्येकीला नव्याने पाठवत बसावे लागत नाही. मात्र फोटो नीट काढणे आपल्याच हाती असते. ट्यूबलाइटखाली जांभळी पैठणी निळी दिसते, आणि निळी समजून घेतलेली साडी परत येते. म्हणून मी सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी खिडकीशी साडी पसरून फोटो काढत असे. हातमागाच्या पैठणीच्या पदराची उलटी बाजूही जवळजवळ सुलटीइतकीच स्वच्छ असते, मागे धागे लोंबत नाहीत, म्हणून प्रत्येक नगाबरोबर उलट्या बाजूचा एक फोटो ठेवण्याचा नियम मी केला. साडी हातात न घेता एवढी रक्कम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास वर्णनापेक्षा त्या एका फोटोने अधिक बसतो. किंमत ठळक लिहिलेली असूनही पहिला प्रश्न ‘ताई, प्राइस?’ हाच येतो, त्यावर मात्र कोणत्याही ॲपकडे इलाज नाही.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच संदेश यादीतल्या सर्वांना एकदम पाठवण्याच्या सोयीबद्दल, नव्या विक्रेत्यांचा फार गैरसमज असतो. एका यादीत 256 जण बसतात हे खरे, पण ज्यांनी आपला क्रमांक त्यांच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. हे कळल्यावर साडीच्या पिशवीत मी एक छोटे कार्ड घालू लागले, आणि साडी हातात देतानाच ‘काकू, माझा नंबर सेव्ह करून घ्या हं’ असे म्हणण्याची सवय लावून घेतली.

नोकरी सोडण्याचा निर्णय ज्या सोयीवर उभा राहिला ती म्हणजे लेबले, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला लावता येणाऱ्या खुणा. नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले ही लेबले सगळेच लावतात. मी ‘दुसऱ्यांदा’ असे एक लेबल तयार केले आणि परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते लावत गेले. लग्नसराईत आणि दिवाळीत कोणाचीही विक्री होते. त्या भरात राजीनामा देणाऱ्याला पुढे पितृपक्ष आणि पौष भेटतात. मला पाहायचे होते ते असे, की नात्यागोत्यातल्या, शेजारच्या आणि भिशीतल्या बायका वजा केल्यावर पुन्हा येणाऱ्या किती उरतात. दुसऱ्या वर्षाअखेरीस त्या लेबलाखालच्या बहुतेक बायका ओळखीच्या होत्या, म्हणून थांबले. चौथ्या वर्षी त्या यादीत पुण्याच्या, बेळगावच्या, मी कधीही न पाहिलेल्या बायका जास्त होत्या.

परंतु हे ॲप गिऱ्हाईक सांभाळते, नफा सांगत नाही. येवल्याहून आणलेल्या साडीची खरेदी, जाण्यायेण्याचा खर्च, टपाल, खोका, परत आलेला नग आणि हप्त्याने राहिलेली उधारी हे सारे वजा जाता हातात काय उरते, याचा हिशेब स्वतंत्र वहीतच ठेवावा लागतो. पगाराशी तुलना करायची ती बारा महिन्यांच्या त्या उरलेल्या रकमेची. मी आधी विक्रीच्या आकड्याशी केली होती आणि तो आकडा पाहून उगाच सुखावलेही होते. करांचेही तसेच आहे. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात वार्षिक 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून साधारणतः सूट असली, तरी माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर नियम वेगळे लागू होतात. त्यासाठी बेळगावची ऑर्डर येण्याआधीच कर सल्लागाराकडे जाऊन यावे.

एक चूक माझी स्वतःची. बॅकअप बंद राहिला होता आणि ऐन मार्गशीर्षात फोन पाण्याच्या बादलीत पडला, त्यात अकरा दिवसांच्या ऑर्डर गेल्या. कोणाला कोणता काठ हवा होता, कोणाचे निम्मे पैसे आले होते, हे गिऱ्हाइकांनाच फोन करून विचारावे लागले, आणि त्यांतल्या दोघींनी ‘राहू दे आता’ म्हटले. तेव्हापासून ऑर्डर पक्की झाली की ती आधी वहीत लिहिली जाते. एकाच खात्याला आणखी 4 उपकरणे जोडता येत असल्यामुळे आता घरच्या लॅपटॉपवरून मुलगीही उत्तरे देते.

जोडधंदा करणाऱ्यांनी हे ॲप वेगळ्या सिमवर, पहिल्या दिवसापासून घ्यावे, असे माझे मत आहे. नोकरीच्या काळात साडेनऊ ते सहा ‘संध्याकाळी उत्तर देते’ असा संदेश आपोआप जात असे. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो मोठ्या हौसेने बंद केला, आणि पंधरवड्यातच रात्री साडेअकराला ‘हीच हिरव्यात आहे का?’ याची उत्तरे देऊ लागले. सध्या तो रात्री साडेआठला सुरू होतो.