सोलापूर जिल्ह्याचा भिंतीवरचा नकाशा – ३ स्टार

पोरीच्या प्रोजेक्टसाठी नव्या पेठेतनं जिल्ह्याचा लॅमिनेट केलेला नकाशा आणला. कागद, छपाई एक नंबर, भीमा ठळक निळी, सीना पण नगरकडनं येऊन खाली कुडलजवळ भीमेला मिळेपर्यंत नीट दाखवलीय. हत्तरसंग कुडलला आम्ही दरवर्षी जातो, तिथला शके ९४० चा शिलालेख बघितला की अंगावर काटा येतो, तो संगम नकाशावर बोटानं दाखवताना पोरगी लय खुश.

पण उपनद्यांच्या नावानं बोंब! बार्शी-मोहोळकडची भोगावती सीनेला मिळते, तिची नुसती बारीक रेघ, नावच नाही. आणि आदिला तर गायबच! अहो जिच्यावर हिप्परग्याचा एकरुख तलाव बांधलाय तीच नदी नाही, तलाव मात्र छापलाय, मग त्यात पाणी काय टँकरनं आणलं का? नळदुर्गवरनं अक्कलकोटकडं येणारी बोरी आहे, पण तिला मिळणारी हरणा नाही.

दुकानदार काकांना सांगितलं तर म्हणतात, "एवढं कोण बघतंय हो." शेवटी स्केचपेननं आम्हीच काढल्या, लॅमिनेशनवर शाई टिकेना म्हणून मग परमनंट मार्कर, त्याचे २० रुपये वेगळे.