मध्यस्थ परिणामाची तपासणी: चार पायऱ्या, सोबेल चाचणी की बूटस्ट्रॅप?

यवतमाळ जिल्ह्यातील चार-पाच गावे फिरून दीडशे-पावणेदोनशे कापूस उत्पादकांच्या प्रश्नावल्या भरून आणलेल्या संशोधकापुढे विश्लेषणाच्या वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो. कर्जाच्या ताणाने झोप उडते आणि झोप उडाल्याने नैराश्य वाढते, ही साखळी, म्हणजे झोपेच्या मध्यस्थीने होणारा परिणाम, कोणत्या पद्धतीने तपासावी?

बॅरन आणि केनी यांची १९८६ ची साखळीचा एकेक दुवा क्रमाने तपासणारी चार पायऱ्यांची पद्धत अजूनही अनेक प्रबंधांत दिसते; परंतु कर्जाचा नैराश्यावरील एकूण परिणाम सार्थक (केवळ योगायोग मानता न येण्याजोगा) असलाच पाहिजे, ही तिची पहिलीच अट घातक आहे. विहिरीसाठी कर्ज काढणाऱ्याची झोप उडते, तशी ओलिताची आशाही बळावते. हे दोन परिणाम एकमेकांना खोडतात आणि साखळी खरी असूनही संशोधक पहिल्याच पायरीवर अडतो. फ्रिट्झ आणि मॅकिनन यांनी २००७ मध्ये दाखवले, की दोन्ही दुवे दुर्बळ असून सारा परिणाम मध्यस्थामार्फतच होत असेल, तर ८० टक्के सामर्थ्यासाठी, म्हणजे खरा परिणाम शंभरपैकी ऐंशी वेळा पकडण्यासाठी, या पद्धतीला २०,८८६ जणांचा नमुना लागतो, तर पर्सेंटाइल बूटस्ट्रॅपला (या पद्धतीविषयी पुढे) ५५८ जणांचा.

सोबेल चाचणी (१९८२) मध्यस्थामार्फत होणारा अप्रत्यक्ष परिणाम, म्हणजे दोन दुव्यांची ताकद सांगणाऱ्या गुणांकांचा गुणाकार, सरळ तपासते, पण या गुणाकाराचे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) असल्याचे गृहीत धरते आणि लहान नमुन्यात ते बहुधा तसे नसते. समजा, पहिला गुणांक ०.४०, दुसरा ०.३५ आणि दोघांचीही प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) ०.१५ आहे. दोन्ही दुवे स्वतंत्रपणे सार्थक ठरतात, तरीही सोबेलचे मूल्य सुमारे १.७६ येते, म्हणजे सार्थकतेच्या १.९६ या नेहमीच्या मर्यादेखालीच राहते.

म्हणून दीडशे-पावणेदोनशे जणांच्या नमुन्यासाठी माझा कौल निःसंशय पर्सेंटाइल बूटस्ट्रॅपला आहे: हातातल्या नमुन्यातूनच पाच हजार वेळा पुनर्निवड करून गुणाकाराचा विश्वास अंतराल (खरे मूल्य ज्या दोन आकड्यांदरम्यान असण्याची शक्यता मोठी, तो पट्टा) काढावा, आणि त्यात शून्य येत नसेल तर अप्रत्यक्ष परिणाम सार्थक मानावा. पूर्वग्रह-दुरुस्त बूटस्ट्रॅपचे (अंदाजाचा एकीकडचा कल दुरुस्त करणाऱ्या प्रकाराचे) सामर्थ्य थोडे अधिक असले, तरी लहान नमुन्यात तो नसलेला परिणाम दाखवण्याचा धोका वाढवतो.

मात्र तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत मोजल्या असतील, तर कोणतीही पद्धत त्यांचा क्रम सांगू शकत नाही. नैराश्यामुळेच झोप उडाली असेल, ही शक्यता तशीच उरते. शक्य असल्यास कर्जाचा ताण पेरणीआधी, झोप पोळ्याच्या सुमारास आणि नैराश्य वेचणीच्या हंगामात मोजावे, आणि आधीच्या नैराश्याची नोंद पहिल्याच भेटीत घ्यावी.